आधी भरतीची वेळ बघा, मग कॅमेरा : ठाणे-नवी मुंबईत घराजवळ पक्षी, प्राणी आणि ऋतूंचे फोटो कसे काढायचे

फ्लेमिंगोचे फोटो काढायला जायचं ठरलं की आदल्या रात्री बॅटरी चार्जिंगला लावायच्या आधी एक गोष्ट बघा, उद्या भरती किती वाजता आहे. आपल्याकडे ही गोष्ट लेन्सपेक्षा जास्त महत्त्वाची आहे. ऐरोली, वाशी, सीवूड्सला रविवारी सकाळी भल्यामोठ्या लेन्स घेऊन आलेले लोक लांब चिखलावर दिसणाऱ्या गुलाबी रेघेचे फोटो काढून घरी जातात, आणि तेच वेळ बघून आले असते तर साध्या झूम कॅमेऱ्यातसुद्धा पक्ष्याचा डोळा दिसला असता.

खाडीत पक्षी कुठे असणार हे पाणी ठरवतं. ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो आणि रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, त्या उथळ पाण्यात चोच उलटी घालून शेवाळ गाळून खात लांबवर पसरलेले असतात. पाणी चढायला लागलं की उघडा चिखल किनाऱ्याकडे आक्रसत येतो आणि पक्षीही पाण्याच्या पुढे पुढे सरकत तुमच्याकडे येतात, तुम्हाला एक पाऊलही टाकावं लागत नाही. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-तीन तास हे सोन्यासारखे. आणि भरती पूर्ण झाली, चिखल सगळा बुडाला, की थवे उडून आतल्या पाणथळ जागांवर विश्रांतीला जातात, नेरूळचा डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्य या जहाजावरच्या प्रशिक्षणाच्या संस्थेजवळची पाणथळ, एनआरआय कॉम्प्लेक्सच्या मागची तळी वगैरे. म्हणजे ओहोटीला तळ्यावर आणि भरतीला खाडीवर जाऊन उभं राहिलात तर दोन्हीकडे रिकामं पाणी बघायला मिळणार. एक लक्षात ठेवा, या तळ्यांमधे खाडीचं पाणी आत यायच्या वाटा बुजल्या की तळी सुकतात आणि मग पक्षी येत नाहीत, त्यामुळे जायच्या आधी तिथे पाणी आहे ना ते सीवूड्सच्या कुणा ओळखीच्याला विचारा, आणि तळं सुकलेलं दिसलं तर त्याचाही फोटो तारखेसकट काढून ठेवा, असे फोटो फार उपयोगी पडतात.

भरतीची वेळ मोबाईलवर भरती-ओहोटीच्या कोष्टकात मिळते पण कोकणातला जुना हिशोब पाठ असलेला बरा. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती अंदाजे भरतीची वेळ, दिवसातून दोनदा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. कोष्टकातली वेळ या हिशोबापेक्षा अर्धा-पाऊण तास पुढे निघू शकते आणि ठाणे खाडी आत असल्यामुळे इथे पाणी अजून थोडं उशिरा चढतं, तेवढं धरून चाला. रोज ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते.

आता हे फोटोच्या भाषेत काय झालं ते बघा. पौर्णिमा किंवा अमावस्येच्या आसपासचे दोन-तीन दिवस भरती दुपारी बाराच्या सुमारास, ओहोटी सकाळी सहाला, म्हणजे आठ ते साडेदहा पाणी चढत असतं, पक्षी जवळ येत असतात आणि ऊन अजून डोक्यावर आलेलं नसतं. शिवाय हे उधाणाचे दिवस, पाणी खूप वर येतं, त्यामुळे पक्ष्यांना चिखल सोडून उडावंच लागतं आणि उडत्या थव्यांचे फोटो मिळतात. याउलट अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती, सकाळी सहा-सातला पाणी भरलेलं आणि मग सगळी सकाळ ते ओसरत जाणार, पक्षी तुमच्यापासून लांब लांब जाणार. त्या दिवशी सकाळी झोप काढा आणि संध्याकाळी चारनंतर जा, तेव्हा पाणी परत चढतीला असतं. कॅलेंडरवर मोकळे रविवार शोधण्यापेक्षा पौर्णिमा-अमावस्येच्या जवळ येणारे शनिवार-रविवार आधीच खुणा करून ठेवा.

दुसरी गोष्ट ऊन. खाडी ढोबळमानाने उत्तर-दक्षिण पसरलेली आहे आणि नवी मुंबई तिच्या पूर्व किनाऱ्यावर. म्हणजे ऐरोली, वाशी, नेरूळहून खाडीकडे तोंड केलं की सकाळचा सूर्य तुमच्या पाठीमागे, पक्ष्यांवर समोरून ऊन, रंग एकदम खरे. संध्याकाळी त्याच जागी सूर्य पक्ष्यांच्या मागे, तेव्हा गुलाबी रंग विसरा आणि काळ्या आकृत्यांचे फोटो काढा, लांब पाय, वाकलेली मान, सोनेरी पाणी, तेही भारीच दिसतं. ठाणे-मुलुंड-भांडुपच्या बाजूने उभं राहणाऱ्यांचं बरोबर उलटं, त्यांना संध्याकाळ चांगली. एवढं साधं असून लोक ठाण्याच्या बाजूला सकाळी जातात आणि फोटो काळे आले म्हणून कॅमेऱ्याला दोष देतात.

वाऱ्याकडेही बघा जरा. पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात, आणि फ्लेमिंगो तर आधी पाण्यावर धावत जातो आणि मग उचलतो, विमानासारखा. हिवाळ्यात सकाळी वारा बहुतेक जमिनीकडून, पूर्वेकडून येतो, म्हणजे नवी मुंबईच्या काठावर उभे असाल तर पक्षी तुमच्याच दिशेने धावत येऊन उडणार. दुपारनंतर समुद्राचा वारा पश्चिमेकडून सुरू झाला की ते पाठ करून उडतात. मला फोटोपेक्षा हा सगळा मेळ जास्त आवडतो, चंद्र, पाणी, ऊन, वारा हे सगळं एका सकाळी जुळून येतं आणि ते आपल्याला आधीच कळलेलं असतं.

फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबरच्या आसपास यायला लागतात आणि मे अखेर, कधी जूनच्या पहिल्या पावसापर्यंत असतात. रंग सगळ्यात चांगला मार्च ते मे. तोपर्यंत खाडीत खाऊन खाऊन गुलाबी गडद झालेला असतो, हा रंग त्यांच्या खाण्यातूनच येतो, पिल्लं म्हणूनच करडी-मातकट दिसतात. लहान रोहित आणि मोठा रोहित असे दोन प्रकार, लहानाची चोच गडद लालसर-काळपट, मोठ्याची चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. आपल्याकडे लहान रोहितच जास्त. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मधे ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला, आणि ऐरोलीला वनविभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे तिथून बोटीने खाडीत नेतात. बोट भरतीच्या वेळेप्रमाणेच सुटते त्यामुळे रोजची वेळ वेगळी, आधी बुकिंग करून वेळ पक्की करा. बोटीत ट्रायपॉड आणू नका, हलत्या बोटीत काही उपयोग नाही आणि इतरांची अडचण होते. गुडघे जरा वाकवून, कोपरं छातीला टेकवून उभे राहा, शटर स्पीड वाढवा, बस.

सेटिंगचं सांगायचं तर फार डोकं लावू नका. उडते पक्षी असतील तर शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद, उभे असतील तर १/५०० पुरतं, पण लेन्स मोठी आणि हातात असेल तर लेन्सच्या मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नका, म्हणजे ६०० ची लेन्स तर निदान १/६००. मॅन्युअल मोडवर शटर आणि अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं) तुम्ही ठरवा आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) ऑटो करून टाका. फोकस सतत पाठलाग करणारा ठेवा, निकॉन-सोनीत एएफ-सी, कॅननमधे एआय सर्वो किंवा सर्वो. पांढरे बगळे आणि फिकट रोहित उन्हात असतील तर एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) खाली आणा नाहीतर पिसांचा सगळा तपशील जळून जातो, आणि फिकट आभाळासमोर उडता पक्षी असेल तर उलट एक स्टॉप वर न्या नाहीतर तो काळा ठिपका होतो. रॉमधे, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमधे काढता येत असेल तर रॉमधेच काढा.

एक गोष्ट कुठल्याच सेटिंगने सुटत नाही, ती म्हणजे तापलेल्या चिखलावरची हवा. दहा-साडेदहानंतर चिखल तापला की हवा थरथरते आणि लांबचे सगळे फोटो मऊ येतात, कितीही महाग लेन्स असो. लांबचा पक्षी तेव्हा सोडून द्या, जवळचं काहीतरी शोधा.

आणि जवळ असतातच की. ओहोटीच्या वेळी फ्लेमिंगो लांब गेलेले असतात तेव्हा बहुतेक लोक घरी जातात, पण जेटीच्या कडेला बसून खाली चिखलात बघा, निवट्या असतात. कोळी लोकांच्या जाळ्यात नेहमी मिळणारा हा मासा चिखलावर चालतो, उड्या मारतो, आणि नर एकमेकांसमोर आले की पाठीवरचा पर उभारून तोंड उघडून भांडतात, काय सुंदर दिसतात त्यावेळी. तुम्ही गेल्या गेल्या सगळ्या बिळात जातील. हलू नका, सावली चिखलावर पडू देऊ नका, पाच-दहा मिनिटांत एकेक डोकं वर येतं. कॅमेरा जेटीच्या कडेला जितका खाली नेता येईल तितका न्या, वरून काढलेला निवटीचा फोटो म्हणजे चिखलाचाच फोटो. तिथेच खेकडे, तुतवार, शेकाट्या, खंड्या सगळे मिळतील, आणि नशीब असेल तर तिवरांच्या कडेने जाणारा सोनेरी कोल्हासुद्धा, नवी मुंबईच्या तिवरांमधे कोल्हे आहेत हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. फक्त चिखलात उतरायचं नाही, कधीच नाही. वरून घट्ट वाटतो आणि कमरेपर्यंत आत जातो, आणि पाणी चढायला लागलं की वेळ मिळत नाही.

हिवाळ्यात जेटीवर कुरव येतात आणि लोक त्यांना शेव-गाठ्या टाकतात, फोटोसाठी. प्लीज हे करू नका. तेल-मीठ-मसाल्याचं ते खाणं त्यांच्यासाठी चांगलं नाही, आणि फोटोही सगळे सारखेच येतात, उघडी चोच आणि हवेत शेव. त्यापेक्षा मासेमारीची होडी परत येताना कुरव तिच्या मागे लागतात तो फोटो बघा काढून, त्यात खाडी आहे, माणसं आहेत, पक्षी त्यांचं त्यांचं काम करतायत.

थंडीत तळ्यांचं फोटोग्राफीला सोपं असतं कारण बदकं एका जागी असतात. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईला चालायच्या वाटेवरून, उरण-पनवेलकडे जाताना जी पाणथळं उरली आहेत तिथे, थापट्या, तलवार बदक, चक्रांग, चित्रबलाक, उचाट्या. पाणपक्ष्यांचा एकच मंत्र, खाली बसा. बसून, झोपून, कॅमेरा पाण्याच्या पातळीला न्या, पाठीमागचं सगळं धूसर होतं आणि पक्षी उठून दिसतो. ठाण्यातल्या तलावांवर, मासुंदा, उपवन, कचराळी, रातबगळे आणि ढोकरी माणसांना इतके सरावलेले असतात की नवीन शिकणाऱ्याने पहिला महिना तिथेच काढावा असं मला वाटतं. ढोकरी एरवी मातकट पण पावसाच्या तोंडावर विणीचा पिसारा आला की पाठ तांबडी-मरून होते, रोज चालायला जाणाऱ्यांनाही तो वेगळा पक्षी वाटतो. पाम बीच रोडवर मात्र गाडी कडेला लावून फोटो काढू नका, गाड्या फार वेगात असतात.

आता पाऊस. पावसात बहुतेक जण कॅमेरा कपाटात ठेवतात आणि तिथेच त्याला बुरशी लागते, बाहेर काढलेल्या कॅमेऱ्याला नाही. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, पुड्या ओल्या झाल्या की वाळवून परत, आणि कॅमेरा आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा. चामड्याच्या बॅगेत चार महिने बंद ठेवू नका. एसीच्या खोलीतून किंवा एसी गाडीतून एकदम बाहेर काढला तर काचेवर वाफ धरते, तेव्हा बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेला येऊ द्या. पावसात काढताना जाड प्लास्टिकची पिशवी, लेन्सच्या पुढे भोक पाडून रबरबँड, लेन्सहूड लावलेला, आणि खिशात सुती पंचा. महागडं रेन कव्हर नसलं तरी चालतं. मोठी छत्री धरायला सोबत कुणी असेल तर उत्तमच.

पहिल्या मोठ्या पावसाची रात्र आणि दुसरी सकाळ चुकवू नका. खारघर-पनवेलकडच्या शेतात, डबक्यांत मोठे बेडूक पिवळेधमक होऊन गोळा होतात, नर गालाच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडत असतात, आणि हे एक-दोन दिवसच चालतं. ते स्वतःच्या नादात असतात, तुम्ही काठावर बसलात तरी त्यांना फरक पडत नाही, फोनवरसुद्धा चांगले फोटो येतात. रात्री जायचं असेल तर फ्लॅश डोळ्यात मारू नका, टॉर्च बाजूने धरा, आणि पाय कुठे पडतोय ते बघत चाला कारण बेडकांच्या मागे सापही येतात, गमबूट घालाच.

जून ते सप्टेंबर सुगरणी. शिंदीच्या, ताडाच्या, बाभळीच्या झाडावर नर घरटं अर्धं विणतो आणि मादी आली की त्याला खाली लटकून पंख फडफडवतो. तिला पसंत पडलं तर पुढचं विणतो. हा फोटो मिळवायला घरट्याच्या जवळ जायची गरजच नाही, एक अर्धवट घरटं निवडा, लांबून त्यावर फोकस लावून ठेवा आणि मादी आल्यावर नरांचा कलकलाट वाढला की बोट तयार ठेवा, १/१६०० च्या वर शटर. घरटं स्पष्ट दिसावं म्हणून फांद्या बाजूला करणं, तोडणं, हे अजिबात नको. आडोसा गेला की कावळ्याला घरटं सापडतं. बाकी पक्ष्यांच्या अंड्या-पिल्लांच्या घरट्यांचे तर फोटोच काढू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, कितीही चांगली लेन्स असो.

पावसातला डोंगर काढायला मोबाईल पुरतो. पण त्यात वर पांढरं आभाळ आणि खाली काळं झाड असा फोटो येतो ना, त्यासाठी स्क्रीनवर हिरव्या भागावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक होईल, मग उजेड थोडा खाली ओढा. आभाळ कमी घ्या, हिरवा जास्त. कॅमेरा असेल तर सीपीएल, म्हणजे पोलरायझर फिल्टर लावा, ओल्या पानांवरची चमक जाते आणि हिरवा रंग खरा दिसतो, पावसाळ्यात माझ्या मते हीच एक वस्तू विकत घेण्यासारखी आहे. येऊरचा डोंगर ठाण्याच्या पश्चिमेला, म्हणजे शहराकडच्या उतारावर सकाळचं ऊन पडतं, ढग डोंगरावर अडकलेले आणि खाली उतारावर ऊन असं दृश्य सकाळी सात ते नऊमधे मिळतं. धबधब्याला शटर १/४ सेकंद ते एक सेकंद, ट्रायपॉडवर किंवा दगडावर टेकवून. खारघरचा पांडवकडा १०७ मीटर उंच, पावसाळ्यात तिथे जायला बंदी असते कारण माणसं वाहून गेली आहेत, तेव्हा तो लांबूनच घ्या. सेंट्रल पार्कच्या बाजूने डोंगरावरच्या धारा दिसतात, झूम लावून धार आणि ढग एवढंच फ्रेममधे घ्या, जवळ जाऊन काढलेल्यापेक्षा तोच फोटो चांगला येतो.

फुलांचा क्रम पाठ झाला की कॅलेंडर बघावं लागत नाही. जून-जुलैत रानहळद, नंतर कळलावी, ऑगस्ट-सप्टेंबरात तेरडा, कवला, सोनकी. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते, आपल्या येऊरच्या बाजूला, नॅशनल पार्कात २०१६ ला आणि मग २०२४ ला फुलली, म्हणजे हिशोबाने आता २०३२. मधल्या वर्षी एखाददुसरं झुडूप फुलतं, ते दिसलं तर आनंद माना. फुलांचा फोटो काढायला गवतात आडवं पडायच्या आधी बघा आपण कशावर पडतोय, एका सोनकीसाठी दहा सोनक्या चिरडल्या जातात. पावसाळ्यानंतर गवतात गोचीडही असतात, लांब मोजे घाला आणि पँट आत खोचा.

येऊरबद्दल जरा जास्त सांगते कारण शिकायला याच्यासारखी जागा नाही. ठाणे स्टेशनवरून टीएमटीची बस जाते, वनविभागाच्या गेटवर प्रवेशाची वेळ, फी, कॅमेऱ्याचे नियम विचारून मगच आत जा, हा नॅशनल पार्कचाच भाग आहे. नवीन माणूस जंगलात भराभर चालतो, चार किलोमीटर फिरून येतो आणि काहीच दिसलं नाही म्हणतो. चालू नका. फळलेलं उंबराचं किंवा वडाचं झाड शोधा आणि त्याच्यापासून थोडं लांब बसून राहा. तांबट, बुलबुल, हळद्या, धनेश, आणि आपला राज्यपक्षी हरियाल, सगळे तुमच्याकडे येतील, हरियाल तर पानात इतका मिसळतो की पहिली दहा मिनिटं झाड रिकामं वाटतं आणि मग एकदम सगळ्या फांद्या हलायला लागतात. झाडात वर बघून काढायचं असतं तेव्हा एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वर. जंगलात उजेड कमी, आयएसओ ३२०० झाला तरी घाबरू नका, दाणेदार पण स्पष्ट फोटो हा गुळगुळीत हललेल्या फोटोपेक्षा कधीही चांगला.

मे अखेर-जूनला नवरंग येतो. रंग नऊ असले तरी तो जमिनीवर पाचोळ्यात असतो आणि आधी ऐकू येतो, पहाटे आणि संध्याकाळी, दोन सुरांची शीळ. तो शोधायला लोक मोबाईलवर त्याचा आवाज वाजवतात. हे बंद झालं पाहिजे. विणीच्या दिवसात त्याला वाटतं दुसरा नर घुसलाय, तो खाणं सोडून, जोडीदाराला सोडून भांडायला येतो, परत परत. त्यापेक्षा आवाज येतोय त्या बाजूला पाचोळ्याजवळ बसा, कॅमेरा गुडघ्यावर, आणि वाट बघा, पानं उलटत उलटत तो येतो. नाही आला तर दुसऱ्या दिवशी जा. पनवेलजवळचं कर्नाळाही यासाठी चांगलं, १२.११ चौरस किलोमीटरचं छोटंसं अभयारण्य आणि मुंबई-गोवा हायवेवरच.

बिबट्या येऊरला आहे. त्याचा फोटो मिळावा म्हणून अंधार पडल्यावर बाईकवर फिरणं, हे करू नका, त्याच्यासाठीही नाही आणि तिथल्या पाड्यांवरच्या लोकांसाठीही नाही. ठसा दिसला तर बाजूला पेन किंवा नाणं ठेवून त्याचा फोटो काढा, मापासकट.

पाऊस गेल्यावर सप्टेंबर ते नोव्हेंबर फुलपाखरं आणि कोळी. घोडबंदर रोडला ओवळ्याची ओवळेकर वाडी ही फुलपाखरांची बाग आहे, आधी चौकशी करून जा. सकाळी लवकर पोचा, फुलपाखरं गारव्यात पंख पसरून ऊन खात बसलेली असतात, दहानंतर कुणाच्या हाती लागत नाहीत. कॅमेरा पंखांना समांतर धरला की सगळा पंख फोकसमधे येतो, तिरका धरला की अर्धा जातो. २०१५ पासून राज्य फुलपाखरू असलेलं ब्लू मॉर्मन बसतं तेव्हाही पंख हलवतच असतं म्हणून १/८०० तरी ठेवा. येऊरच्या वाटांवर याच दिवसात मोठ्या वूड स्पायडरची सोनेरी जाळी आडवी असतात, तोंड वर ठेवून चाला, आणि जाळ्याच्या मागे सावली असेल आणि पुढून तिरपं ऊन असेल असा कोन घ्या, धागे चमकतात.

फेब्रुवारी-मार्चला शहर सोडायची गरजच नाही. सोसायटीच्या मागे काटेसावर फुलली असेल तर समोरच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याचा जिना हीच तुमची जागा, पक्षी डोळ्याच्या पातळीला येतात. वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवा, कुणाच्या खिडकीकडे कॅमेरा वळलाय असं वाटायला नको. साळुंक्या, भोरड्या, कोतवाल, बुलबुल, पोपट, एका सकाळी सगळे. मग पळस, मग एप्रिल-मेला बहावा, आणि आपलं राज्यफूल ताम्हण, नवी मुंबईच्या रस्त्यांच्या कडेला जांभळं फुललेलं असतं आणि त्याखालून रोज जाणारे वर बघत नाहीत. बहाव्याचे घोस उन्हासमोर धरून काढा, उजेड पाकळ्यांतून आला की पिवळा पेटतो.

कॅमेरा कुठला, हे शेवटी. मोबाईलने निसर्गदृश्य, फुलं, बेडूक, ठसे होतात. पक्ष्यांसाठी बजेट कमी असेल तर निकॉन पी ९५० सारखा ८३ पट झूमचा ब्रिज कॅमेरा उन्हात छान काम करतो, जंगलाच्या सावलीत मात्र सेन्सर लहान असल्यामुळे अडखळतो. बदलत्या लेन्सवाला घेतलात तर ७०-३०० ने सुरुवात करा, तलावांवर पुरते, आणि १५०-६०० सेकंडहँड बघा पण काचेत टॉर्च मारून बुरशी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. ड्रोन मात्र खाडीवर आणू नका, एक ड्रोन आला की हजारो रोहित खाणं सोडून उडतात. चालत जातानाही थव्याने एकदम माना वर केल्या आणि सगळे एका दिशेला चालायला लागले तर तिथेच थांबा, तुम्ही जास्त जवळ आलाय.

घरी आल्यावर त्याच रात्री फोटो निवडा, दुसऱ्या दिवसावर टाकलं की महिना जातो. फोल्डरला तारीख, जागा आणि तिथी लिहा, भरती किती वाजता होती तेही. पुढच्या वर्षी याच फोल्डरवरून कुठे कधी जायचं ते कळतं. पक्ष्यांची यादी ईबर्डवर टाका, फुलपाखरं-बेडूक-कोळी आयनॅचरलिस्टवर, तिथे जाणकार लोक नाव सांगतात आणि त्या नोंदी अभ्यासाला वापरल्या जातात. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला आठवडा, आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, सुरुवात करायची असेल तर तेव्हा करा, कारण तेव्हाच पाहुणे पक्षी येत असतात आणि बरोबर फिरायला माणसंही मिळतात. घुबडाची ढोली, घरटं, नवरंगाची जागा, यांचं लोकेशन मात्र ग्रुपवर टाकू नका आणि फोटोतलं जीपीएस बंद करूनच पाठवा. कुणी विचारलं तर येऊर म्हणा, ऐरोली म्हणा, तेवढं पुरे.